कोरड्या आम्लाची साक्ष

आम्ल हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या मनासमोर काचेच्या बाटलीतील एखादा दाहक द्रव उभा राहतो; आणि ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध शालेय परीक्षेबरोबरच संपला, त्यांना निळा लिटमस कागद तांबडा झाल्याचे फार तर आठवते. अशा वाचकाला, तळहातावर घेतले असता पूर्ण कोरडे वाटणारे, पांढरे, गंधहीन आणि कातडीला यत्किंचितही इजा न करणारे एक चूर्ण हे प्रबळ आम्ल आहे, आणि जगभरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत जड खनिजतेलाचे मोठे रेणू तोडून त्यांपासून पेट्रोल करण्याचे काम मुख्यतः त्याच्याच बळावर चालते, असे सांगितले तर त्याचा सहसा विश्वास बसणार नाही. तथापि वस्तुस्थिती तशी आहे. या चूर्णाला झिओलाइट म्हणतात, आणि त्याचे आम्लत्व ज्या ठिकाणी वसलेले असते ते ठिकाण म्हणजे ऑक्सिजनच्या एका अणूला चिकटलेला हायड्रोजनचा एक अणू, अर्थात रसायनज्ञांच्या परिभाषेत हायड्रॉक्सिल गट, होय. हे गट किती आहेत, पाषाणाच्या कोणत्या कप्प्यात दडले आहेत आणि आपला हायड्रोजन दुसऱ्याला देऊन टाकण्यास कितपत राजी आहेत, या तीन प्रश्नांवर त्या पदार्थाची सारी औद्योगिक किंमत अवलंबून असते. आणि या तिन्हींचा तपास करण्याचे सर्वांत जुने व अद्यापि सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे अवरक्त किरणांचे वर्णपटविज्ञान. मात्र भरवशाचे साधन आणि भोळे साधन यांत अंतर आहे. वर्णपटावर उमटलेला प्रत्येक पट्टा ही एका साक्षीदाराची जबानी असते, आणि उलटतपासणी न करता ती ग्राह्य धरली तर तपास फसतो, हे या विद्येत पदोपदी प्रत्ययास येते.

झिओलाइट हे मूळचे खनिज. १७५६ साली आक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने या जातीचा एक दगड ज्वालेत धरला तेव्हा तो फसफसून उकळू लागल्यासारखा दिसला, आणि त्यावरूनच त्याने या खनिजवर्गाला ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. महाराष्ट्रातील वाचकाला हे दगड अपरिचित नाहीत, जरी नाव अपरिचित असले तरी. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट ज्या लाव्ह्यापासून बनला त्याच्या थरांत वायूंच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे उष्ण पाण्याने आणून ठेवलेले पांढरे, गुलाबी, मोतिया झाक असलेले स्फटिक पुणे, नाशिक, जळगाव या बाजूंच्या खाणींत व विहिरींत सापडतात. बोरघाटातील लोहमार्गासाठी डोंगर फोडले गेले तेव्हा त्यांचे उत्कृष्ट नमुने बाहेर पडून परदेशांतील संग्रहालयांत जाऊन पोचले. सामान्य माणूस या सर्वांना सरसकट गारगोटी म्हणतो, आणि सिन्नरजवळच्या संग्रहालयानेही तेच नाव धारण केले आहे. त्यांतील स्टिलबाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट हे खरे झिओलाइट. त्यांच्याच शेजारी वाढणारा आणि बाजारात त्यांच्याच नावाने खपणारा अपोफिलाइट मात्र शास्त्रदृष्ट्या त्या कुळातला नव्हे.

क्रोनस्टेटच्या ज्वालेत उकळले ते पाणी. ते निघून गेल्यावर दगड मोडत नाही, ढासळत नाही. थंड झाल्यावर हवेतील बाष्प शोषून तो पुन्हा पूर्ववत होतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच ध्यानात आली होती, पण तिचे कारण विसाव्या शतकात क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडली तेव्हा स्पष्ट झाले. झिओलाइटच्या सांगाड्यात सिलिकॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजन अणूंनी वेढलेला असतो, आणि प्रत्येक ऑक्सिजन अणू अशा दोन शेजाऱ्यांत वाटून घेतलेला असतो. ही जोडणी अशी पोकळ होत जाते की स्फटिकाच्या आत नियमित आकाराचे कक्ष आणि त्यांना जोडणाऱ्या खिडक्या निर्माण होतात. या खिडक्यांचे माप अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागात, सांगावे लागते: ए नावाच्या झिओलाइटात ते सुमारे ४, झेडएसएम-५ मध्ये साडेपाचच्या आसपास आणि वाय नावाच्या झिओलाइटात सुमारे ७.४ असते. ज्या रेणूला खिडकीतून शिरता येते तोच आतल्या कक्षापर्यंत पोचतो, बाकीचे बाहेर राहतात.

आता या सांगाड्यातील ॲल्युमिनियमकडे वळू, कारण आम्लत्वाचे मूळ त्याच्यात आहे. सिलिकॉनची संयुजा चार, ॲल्युमिनियमची तीन. म्हणून सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला की त्या ठिकाणी सांगाड्यावर एक ऋणभार शिल्लक राहतो. तो फेडण्यासाठी निसर्ग सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांसारखे धनभारित आयन कक्षांत आणून बसवितो. सह्याद्रीतील स्फटिकांत असेच आयन असतात, आणि म्हणून ते देखणे असले तरी आम्ल नव्हेत. मनुष्याने केलेली युक्ती अशी की, त्या सोडियमच्या जागी हायड्रोजन बसवावयाचा. ॲल्युमिनियम विपुल असलेला झिओलाइट तीव्र आम्लाने सरळ धुतला तर सांगाड्यातील ॲल्युमिनियमच विरघळून जातो, मग हेतूच नष्ट होतो. यास्तव प्रथम अमोनियम क्षाराच्या द्रावणात ढवळून सोडियमच्या ठिकाणी अमोनियम आयन आणतात, आणि नंतर चूर्ण सुमारे ४०० ते ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. अमोनिया वायुरूपाने निघून जातो आणि मागे उरलेला हायड्रोजन सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्यामधील ऑक्सिजनवर जाऊन बसतो. या दोघांना जोडणाऱ्या ऑक्सिजनवरील हा गट म्हणजेच सेतुस्थ हायड्रॉक्सिल. झिओलाइटचे खरे आम्ल ते हेच.

पण ते एकटे नसते, आणि सारी गुंतागुंत येथूनच सुरू होते. स्फटिक कोठेतरी संपतोच, आणि जेथे संपतो तेथे बाहेरच्या पृष्ठावरील सिलिकॉनला पुढचा शेजारी नसल्याने तो आपली चौथी संयुजा एका हायड्रॉक्सिलने भागवितो. याला सिलॅनॉल म्हणतात, आणि त्याचे आम्लत्व अगदीच क्षीण असते. सांगाड्यातून एखादा अणू गळाला तर त्या खळगीभोवती असे चार सिलॅनॉल परस्परांकडे तोंड करून बसतात. सांगाड्यातून सुटून कक्षांत भटकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यांवरही हायड्रॉक्सिल असतात. शिवाय वाळवण्यात कसूर झाली असेल तर पाणी असतेच, आणि पाण्याच्या रेणूतही ऑक्सिजन व हायड्रोजन यांचाच बंध आहे! एकाच चूर्णात इतक्या प्रकारचे हायड्रॉक्सिल एकत्र नांदत असताना केवळ रासायनिक पृथक्करणाने, म्हणजे एकूण हायड्रोजन किती ते मोजून, काहीच निष्पन्न होत नाही.

येथे अवरक्त किरण कामास येतात. १८०० साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी, उष्णतामापक ठेवला तेव्हा त्याचा पारा अधिक चढला. त्या अदृश्य किरणांना पुढे हे नाव मिळाले. १९०५ साली अमेरिकेतील विल्यम कोब्लेंट्झ याने शेकडो पदार्थांतून ते किरण पाठवून कोणता पदार्थ कोणते किरण गिळतो याची नोंद प्रसिद्ध केली, आणि विशिष्ट अणुगटांना विशिष्ट शोषणपट्टे असतात हे त्या नोंदींवरून उघड होऊ लागले. कारण असे की, रेणूतील बंध स्थिर नसून सतत लांब-आखूड होत असतात, आणि ज्या किरणाची कंपनसंख्या या हालचालीशी जुळते तो किरण तेथे शोषला जातो. बंध जितका बळकट आणि अणू जितके हलके, तितके कंपन जलद. हायड्रोजन हा सर्वांत हलका अणू, आणि ऑक्सिजनशी त्याचा बंध बळकट. म्हणून हायड्रॉक्सिल एका सेकंदात सुमारे एक कोटी कोटी वेळा कंप पावतो. व्यवहारात एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांची संख्या सांगण्याची रूढी आहे, आणि या तरंगसंख्येच्या भाषेत मुक्त हायड्रॉक्सिलचे स्थान ३५०० ते ३८०० यांच्या दरम्यान येते. योगायोगाने झिओलाइटच्या जड सांगाड्याचे स्वतःचे कंपन १३०० च्या खाली चालते. हायड्रॉक्सिलचा मुलूख त्यामुळे मोकळा राहतो. दगडातून पलीकडे पाहता येते ते एवढ्याच सवलतीमुळे.

या मुलखात पट्टा दिसला तर तो हायड्रोजनचाच आहे याची खात्री करण्याची एक नामी रीत आहे. चूर्णावर जड हायड्रोजनाचा, म्हणजे ड्यूटेरियमचा, वायू किंवा जड पाण्याचे बाष्प सोडावे. हायड्रॉक्सिलमधील हायड्रोजन हटून त्या जागी ड्यूटेरियम बसतो, बंधाचे बळ तेच राहते, वजन मात्र दुप्पट होते, आणि ३७४५ वरील पट्टा नाहीसा होऊन २७६० च्या सुमारास पुन्हा प्रकट होतो. दोहोंचे गुणोत्तर १.३६ च्या जवळपास, म्हणजे गणिताने अपेक्षिलेल्या आकड्याशी जुळणारे, निघते. इतका निर्विवाद पुरावा विज्ञानाच्या अन्य शाखांत क्वचितच हाती लागतो.

परंतु पाणीसुद्धा याच कसोटीला उतरते, आणि म्हणून पाण्याविषयी जरा विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. झिओलाइट हवेत उघडा ठेवला की तो ओलावा ओढून घेतो. त्याचे कुळच तसे. त्या पाण्याचे रेणू एकमेकांना आणि सांगाड्याला हायड्रोजनबंधांनी धरून राहतात, आणि असा बंध जडला की ऑक्सिजन-हायड्रोजनचा मूळ बंध किंचित सैलावून त्याची तरंगसंख्या खाली घसरते, शिवाय पट्टा पसरट व तीव्र होतो. परिणामी ३७०० पासून ३००० पर्यंत एक प्रचंड डोंगर उभा राहतो आणि त्याखाली सेतुस्थ हायड्रॉक्सिलचा अरुंद पट्टा गाडला जातो. या डोंगराकडे बोट दाखवून ‘येथे हायड्रॉक्सिल गट आहेत’ असे लिहिणारे निबंध आजही छापले जातात. माझ्या मते ती निव्वळ नजरचूक नसून पद्धतीतील आळस आहे. पुष्कळदा या आळसाचे निमित्त होते ती पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी. चूर्ण या क्षारात खलून, दाबून, पारदर्शक गोळी करण्याची रीत सेंद्रिय पदार्थांसाठी उत्तम आहे. पण हा क्षार स्वतः दमट असतो, त्यातील पोटॅशियम झिओलाइटच्या हायड्रोजनशी अदलाबदल करू शकतो, आणि गोळीच्या आत अडकलेले चूर्ण नीट वाळविताही येत नाही. सांगाड्याची रचना तपासण्यासाठी ती गोळी चालेल, हायड्रॉक्सिलच्या चौकशीत तिला स्थान नाही.

योग्य रीत कष्टाची आहे. कोणताही क्षार न मिसळता केवळ झिओलाइटचे चूर्ण साच्यात दाबून त्याची एक पातळ चकती करतात. एका चौरस सेंटिमीटरला साधारण १० मिलिग्रॅम इतके वजन पुरे, याहून जाड झाली तर किरण पलीकडे पोचत नाहीत आणि याहून पातळ झाली तर हाताळताना तुटते. ही चकती काचेच्या किंवा क्वार्ट्झच्या एका बंद कक्षात टांगतात, ज्याच्या दोन बाजूंस कॅल्शियम फ्ल्युओराइडसारख्या अवरक्त किरणांना वाट देणाऱ्या पदार्थाच्या खिडक्या बसविलेल्या असतात. मग निर्वातपंप चालू ठेवून कक्षाच्या भट्टीत चकतीचे तापमान हळूहळू ४०० ते ४५० अंशांपर्यंत चढवितात. येथे उतावळेपणा चालत नाही: तापमान एकदम वाढविले तर निघणारे पाणी वाफ होऊन सांगाड्यावरच हल्ला करते आणि ॲल्युमिनियम उखडून टाकते, आणि ५५० ते ६०० अंशांच्या वर गेले तर दोन हायड्रॉक्सिल मिळून पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात, म्हणजे ज्याची तपासणी करावयाची तोच फरारी होतो. तापवून झाल्यावर हवेचा स्पर्श होऊ न देता चकती थंड करावयाची आणि त्याच निर्वातात तिचा वर्णपट घ्यावयाचा.

पाणी खरोखरच गेले की नाही हे कसे ओळखावे? पाण्याच्या रेणूत एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन असल्यामुळे त्यांच्यामधला कोन मिटण्या-उघडण्याचे एक निराळे कंपन असते, आणि ते १६३० ते १६४० च्या आसपास पट्टा देते. एकट्या हायड्रॉक्सिलला असा कोनच नसल्यामुळे तेथे त्याचा पट्टा असणे शक्य नाही. तेव्हा तो पट्टा मावळला म्हणजे पाणी गेले. यातही एक खोच आहे. सांगाड्याच्या कंपनांचे काही दुय्यम पट्टे २०००, १८८० आणि नेमक्या १६४० च्या जवळपास येतात, त्यामुळे हाडाप्रमाणे कोरड्या चकतीतही तेथे एक मंद उंचवटा राहतो, आणि अननुभवी निरीक्षक त्यालाच पाणी समजून चकती उगाच अधिक भाजत बसतो. अशा वेळी वर्णपटाच्या वरच्या टोकाकडे जावे. ५२०० ते ५३०० च्या दरम्यान पाण्याच्या दोन कंपनांच्या मिळणीचा पट्टा पडतो, जो केवळ पाण्याचाच असू शकतो. आणि हायड्रॉक्सिलचा द्विगुणित पट्टा याहून बराच दूर, ७३०० च्या सुमारास, असतो. दोघांची हद्द येथे स्वच्छ वेगळी आहे. मात्र हे पट्टे दुबळे असल्यामुळे ते पाहण्यासाठी नमुना अधिक लागतो, एवढीच अडचण.

इतकी पूर्वतयारी केल्यावर जो वर्णपट हाती येतो तो पाहून मेहनतीचे सार्थक होते. १९६५ साली युटरहोवन, क्रिस्टनर आणि हॉल यांनी सोडियम काढलेल्या वाय झिओलाइटावरील आपले काम प्रसिद्ध केले तेव्हापासून ज्याची आकृती पाठ्यपुस्तकांत स्थिरावली, तो वर्णपट असा: ३७४५ वर सिलॅनॉलचा सुईसारखा अरुंद पट्टा, ३६५० च्या आसपास एक ठळक आणि ३५५० च्या आसपास दुसरा ठळक पट्टा. हे शेवटचे दोन्ही सेतुस्थ हायड्रॉक्सिलचे. एकाच रासायनिक गटाला दोन पट्टे का, याचे उत्तर रचनेत आहे. ३६५० चे गट मोठ्या कक्षात उघड्यावर असतात. ३५५० चे गट लहान, कोंदट पिंजऱ्यांत असतात, जेथे समोरच्या भिंतीचा ऑक्सिजन जवळ असल्यामुळे हायड्रोजनवर त्याचा ओढा पडतो आणि तरंगसंख्या उतरते. झेडएसएम-५ मध्ये मात्र सेतुस्थ गटाचा एकच मुख्य पट्टा ३६०५ च्या आसपास असतो. सांगाड्याबाहेरील ॲल्युमिनियमवरच्या हायड्रॉक्सिलचा पट्टा ३६६० ते ३६७० च्या भागात सापडतो, आणि खळग्यांतील परस्परबद्ध सिलॅनॉल ३५०० च्या आसपास एक पसरट, अस्पष्ट पट्टा देतात, जो पाण्याच्या डोंगरापासून वेगळा ओळखणे हे या विद्येतील कौशल्याचे काम समजले जाते.

पट्ट्याचे स्थान कळले, तरी त्यावरून गटाचे आम्लबळ कळते काय? प्रारंभी अनेकांना तसे वाटले: बंध जितका सैल तितकी तरंगसंख्या कमी, आणि बंध सैल म्हणजे हायड्रोजन सोडण्याची तयारी अधिक. तर्क वरवर बिनतोड आहे, पण ३५५० च्या पट्ट्याने तो खोटा पाडला. तेथे तरंगसंख्या उतरली ती शेजारच्या ऑक्सिजनच्या ओढीने. त्या गटाचे बळ त्यामुळे वाढलेले नसते. स्वतःच्या जबानीवर साक्षीदाराची योग्यता ठरविता येत नाही. त्याच्यासमोर दुसऱ्या कोणाला तरी उभे करावे लागते.

हे दुसरे कोणी म्हणजे शोधक रेणू. १९५४ साली मेप्स आणि आयशेन्स यांनी खनिजतेल तोडणाऱ्या उत्प्रेरकावर अमोनिया वायू सोडून त्याचा वर्णपट घेतला. अमोनियाने हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन घेतला तर अमोनियम आयनाचा पट्टा दिसतो. तो नुसता ॲल्युमिनियमच्या रिकाम्या संयुजेला चिकटून राहिला तर पट्टा निराळ्या ठिकाणी पडतो. ब्रन्स्टेड आणि लुईस या दोघांनी १९२३ साली आम्लाच्या ज्या दोन भिन्न व्याख्या मांडल्या होत्या, त्या दोन्ही प्रकारची आम्लस्थाने एकाच घन पदार्थावर शेजारी शेजारी दाखविता आली. १९६३ साली पॅरी याने अमोनियाच्या जागी पिरिडीन घेतले, आणि ती रीत इतकी रुळली की आज घन आम्लावरील निबंधात पिरिडीनचा वर्णपट नसेल तरच आश्चर्य वाटावे: हायड्रोजन स्वीकारलेल्या पिरिडीनचा पट्टा १५४५ च्या जवळ, ॲल्युमिनियमला चिकटलेल्याचा १४५० च्या जवळ, आणि १४९० वर दोघांचा समाईक.

पिरिडीनची खरी गंमत त्याच्या आकारात आहे. वाय झिओलाइटच्या मोठ्या खिडकीतून ते सहज आत जाते, आणि ३६५० चा पट्टा मावळतो. परंतु लहान पिंजऱ्यांच्या सुमारे अडीच अँगस्ट्रॉमच्या खिडकीतून त्याला शिरता येत नाही, त्यामुळे ३५५० चा पट्टा बव्हंशी तसाच टिकून राहतो. कोणते हायड्रॉक्सिल कोठे राहतात याचा याहून सरळ दाखला मिळणार नाही. अर्थात तोही अंतिम नव्हे. तापमान चढविले की ३५५० चा पट्टाही खालावू लागतो, कारण हायड्रोजन एका ऑक्सिजनवरून शेजारच्या ऑक्सिजनवर उडी मारू शकतो आणि पिंजऱ्यातून निघून पिरिडीनला येऊन मिळतो. म्हणजे जेथे तो सापडला तोच त्याचा कायमचा पत्ता असे समजण्याचे कारण नाही. याच्या उलट बाहेरच्या पृष्ठावरचीच स्थाने मोजावयाची असतील तर दोन भल्या मोठ्या पार्श्वगटांचे ओझे वाहणारे पिरिडीनचे एक भावंड वापरतात. ते झेडएसएम-५ च्या खिडकीत मावतच नाही.

पिरिडीन हे बळकट आम्लारी असल्याने सबळ-दुर्बळ सर्वांचा हायड्रोजन काढून घेते आणि त्यांच्यातील तरतमभाव लपून जातो. तो पाहावयाचा असेल तर अतिशय मवाळ रेणू हवा; असा रेणू कार्बन मोनॉक्साइडचा. चकती द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड करून त्या वायूची थोडथोडी मात्रा आत सोडली की तो हायड्रॉक्सिलपाशी नुसता हायड्रोजनबंधाने विसावतो, हायड्रोजन काढून घेत नाही. आणि हायड्रॉक्सिलचा पट्टा जितका खाली सरकतो तितके त्याचे आम्लबळ अधिक. सिलॅनॉलचा पट्टा सुमारे ९० ने सरकतो, वाय झिओलाइटच्या मोठ्या कक्षातील गटाचा २७५ च्या आसपास, आणि झेडएसएम-५ च्या सेतुस्थ गटाचा ३०० च्याही वर. दुसरीकडे वायूचा स्वतःचा पट्टा, जो मोकळेपणी २१४३ वर असतो, सेतुस्थ गटाजवळ २१७५ पर्यंत चढतो. दोन्ही बाजूंच्या जबान्या जुळल्या म्हणजे निष्कर्ष पक्का धरण्यास हरकत नाही.

उरला प्रश्न संख्येचा, आणि येथे हे साधन काहीसे लटके पडते. पट्ट्याच्या क्षेत्रफळावरून गटांची संख्या काढावयाची तर एका गटामागे किती शोषण होते तो गुणांक ठाऊक असावा लागतो, आणि हायड्रॉक्सिलच्या बाबतीत तो गटागणिक बदलतो: हायड्रोजनबंधात अडकलेला गट मोकळ्या गटापेक्षा कितीतरी अधिक शोषण करतो. त्यामुळे वर्णपटातील उंच पट्टा म्हणजे गट पुष्कळ, हे अनुमान सर्रास चुकते. १९९३ साली एमाइस याने पिरिडीनच्या दोन पट्ट्यांसाठी मोजून दिलेले गुणांक अनेक प्रयोगशाळा प्रमाण मानून वापरतात. परंतु ज्याला नेमकी संख्या पाहिजे त्याने चुंबकीय अनुस्पंदनाच्या वर्णपटाशी ताळा घेतल्याविना आकडा जाहीर करू नये, कारण तेथे प्रत्येक हायड्रोजन केंद्रकाचे माप सारखेच धरले जाते.

या सर्व खटाटोपाची व्यावहारिक बाजू तेलशुद्धीकरणात दिसते. १९४९ च्या सुमारास रॉबर्ट मिल्टन याने अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीत, आणि त्याच्या आधीपासून ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर याने, झिओलाइट प्रयोगशाळेत बनविण्याची वाट मोकळी केली. १९६२ मध्ये मोबिल कंपनीने तो तेल तोडण्याच्या कामी लावला, आणि त्यापूर्वीच्या अस्फटिक सिलिका-ॲल्युमिना उत्प्रेरकांना त्याने मागे टाकले. कारखान्यात उत्प्रेरकावर साचलेला कोळसा सुमारे ७०० अंशांवर जाळून काढतात, आणि त्या भट्टीत वाफही असते. ती वाफ सांगाड्यातील ॲल्युमिनियम हळूहळू उपटून काढते. ३६५० चा पट्टा खचत जातो, ३६६० ते ३६७० च्या भागात नवा पट्टा डोके वर काढतो, आणि उत्प्रेरकाचे वय त्यावरून वाचता येते. म्हणूनच उत्पादक मुळातच नियंत्रित वाफ देऊन काही ॲल्युमिनियम आधीच काढून टाकतात, म्हणजे उरलेला सांगाडा अधिक टिकाऊ होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० नंतरच्या दशकात एन्सिलाइट या नावाने जे झिओलाइट उत्प्रेरक विकसित होऊन वडोदऱ्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात झायलीनच्या प्रक्रियेसाठी वापरले गेले, त्यांची जातकुळी झेडएसएम-५ चीच. सह्याद्रीच्या स्फटिकांचा आणि या उद्योगाचा धागा खनिजशास्त्रापुरताच. पण ज्या प्रदेशात हे दगड विहीर खणताना लागतात, तेथेच त्यांच्या कृत्रिम भावंडांवर देशातील महत्त्वाचे संशोधन व्हावे, ही गोष्ट नोंदविण्याजोगी खरी.

आपल्याकडील महाविद्यालयांत अवरक्त वर्णपटमापक आता दुर्मिळ राहिलेला नाही. निर्वातपंपाला जोडलेला, तापविता येणारा कक्ष मात्र अजून दुर्मिळ आहे, आणि यंत्राच्या किमतीच्या मानाने त्याचा खर्च अल्प असूनही मंजुरीसाठी पाठविलेल्या यादीत त्याचे नाव शेवटी असते किंवा नसतेच. संशोधनाला आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो कक्ष आग्रहाने मागावा, आणि मिळेपर्यंत हायड्रॉक्सिलविषयी विधान करण्याचे टाळावे. ज्या वर्णपटाखाली चकती किती अंशांवर, किती वेळ, कोणत्या निर्वातात वाळविली हे लिहिलेले नाही, आणि ज्यात १६४० चा भाग कापून टाकलेला आहे, तो वर्णपट या विषयात पुरावा म्हणून दाखल करून घेऊ नये.